मंगळवार-शुक्रवारची चौकट

६ जानेवारी, सोमवार

सकाळी ७.१० ला कॉम्प्युटर सुरू केला. ७.१२ ला स्क्रीनच्या मधोमध चौकट आली: इंटरनेट जोडलेलं नाही, आता जोडायचं का? मी 'नाही' दाबलं. चौकट गेली. ७.१५ ला परत हजर. नाश्त्यापर्यंत अकरा वेळा 'नाही' दाबलं. एवढ्या वेळा नाही म्हटल्यावर माणूससुद्धा समजून घेतो.

हा त्रास दसऱ्यापासून आहे. आजपासून त्याची रीतसर नोंद ठेवणार. खापरखेड्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस कंट्रोल रूममध्ये. तिथं कोणताही लाल दिवा विनाकारण लागत नसे, आणि लागला की कारण सापडेपर्यंत कोणी घरी जात नसे. नंदनवन वस्तीतल्या घराच्या बैठकीत ठेवलेल्या एका कॉम्प्युटरनं मला हरवावं हे काही बरं नाही.

मला इंटरनेट नकोच आहे. कॉम्प्युटर मुलानं, भूपेशनं, बंगलोरहून पाठवला तो मी आत्मचरित्र लिहावं म्हणून. नाव ठरलं आहे: 'कोष्टीपुऱ्यातून कंट्रोल रूमपर्यंत'. वायफायचा डबाही त्यानंच बसवून दिला, संध्याकाळी फोनवर आमचे चेहरे दिसावेत म्हणून. त्याचं बटण मी दिवसभर बंद ठेवतो. आमच्या मंडळातल्या मधुसूदनच्या साडूला खोट्या पोलिसानं मोबाइलवरून तीन तास खुर्चीत बसवून ठेवलं होतं, लघवीलाही उठू दिलं नाही. दार उघडं ठेवायचं आणि मग चोराला दोष द्यायचा, हे आपल्याला पटत नाही.

बायकोला, अनुसयेला, विचारलं, "तुले काही त्रास होते का वं या चौकटीचा?"

"मले काय कळते त्याच्यातलं," ती म्हणाली.

खरं आहे. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून विचारलं.

७ जानेवारी, मंगळवार

चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'पुन्हा विचारू नका' असं लिहिलेलं सापडलं. शेजारी खूण केली. चौकट गेली ती गेलीच. तीन महिन्यांचा प्रश्न एका खुणेत सुटला.

साडेदहाला शहराच्या सदर भागात मंडळात गेलो. निवृत्त वीज कर्मचाऱ्यांचं आमचं मंडळ मंगळवारी आणि शुक्रवारी भरतं. सर्वांना सविस्तर सांगितलं. मधुसूदन म्हणाला, "जागेश्वर, तू रिटायर झालाच नाही गा." कौतुकच होतं.

दीडला घरी आलो. अनुसया खुशीत होती, गुणगुणत होती. टसरची साडी नेसली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी ती चांगली साडी नेसते. देवीचे वार आहेत.

८ जानेवारी, बुधवार

चौकट परत आली. मी केलेली खूण गायब.

११ जानेवारी, शनिवार

बुधवारी खूण केली. गुरुवारी चौकट नाही, शुक्रवारी सकाळीही नाही. आज पुन्हा हजर, खूण पुसलेली. आज परत केली. दोष ठरावीक काळानं येतो आहे हे स्पष्ट आहे. असे दोष सर्वात वाईट.

आणखी निरीक्षणं: खुर्ची खिडकीकडे सरकलेली. कीबोर्डखाली लाल रंगाच्या पेन्सिलीचं तुटलेलं टोक. झाडताना आलं असावं.

दुपारी लिखाण केलं. पान ४ वर वडिलांच्या मागाचं वर्णन अडलं. पहिलं वाक्य झकास जमलं आहे: 'मी मागाला कधी हात लावला नाही, माझा हात विजेसाठी घडला होता.' पुढं करवतीच्या दातांसारख्या नक्षीचा करवती काठ कसा विणतात ते लिहायचं होतं. अनुसया मेथी निवडत बसली होती. तिला विचारलं, आडवं सूत नेणारे धोटे किती लागत?

"तीन," ती मान वर न करता म्हणाली. "दोन काठाचे, एक मधल्या अंगाचा. काठाचं सूत अन् अंगाचं सूत एकमेकात अडकवत जा लागते, नाही त मधात फट पडते. तिथंच नवीन मानसाचा हात चुकते. दहादा सांगा, तरी चुकते."

"कोणाले सांगतं तू दहादा?"

"कोनाले नाही. बोलाची रीत आहे."

तिला अजून एवढं आठवतं याचं नवल वाटलं. लग्नाआधी उमरेडला ती बापाच्या मागावर बसायची. आमच्या घरी आली आणि त्या कष्टातून सुटली. हे वाक्य पान ३१ वर घेतलं आहे.

१२ जानेवारी, रविवार

संध्याकाळी भूपेशचा फोन. त्याला सगळा तक्ता वाचून दाखवला. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, राहू द्या ना ते. तुम्हाले काय त्रास आहे त्याचा? नाही म्हणा अन् पुढं चला."

इंजिनियर झाला, पण मुळाशी जायची वृत्ती नाही. मग आईला फोन द्या म्हणाला. ती फोन घेऊन गच्चीवर गेली. गच्चीवर रेंज चांगली येते म्हणे.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. मंडळ बंद, मी दिवसभर घरी. अनुसयेचं कशात लक्ष नव्हतं, तिळाच्या वड्यांचा पाक करपवला. दोनदा विचारलं, "जरा फिरून येत नाही का तुमी?"

आज सकाळी चौकट आली नाही! शनिवारची खूण जशीच्या तशी.

म्हणजे मी घरी असलो की दोष येत नाही. मंगळवारी-शुक्रवारी मी सदरला गेलो की कोणीतरी बाहेरून येऊन माझी खूण पुसतो. त्याला माझं वेळापत्रक ठाऊक आहे.

वरच्या मजल्यावर आमची भाडेकरू काजल राहते. ती घरूनच कोणत्या तरी कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. तिला गाठून विचारलं. ती एकदम लाल झाली. "काका, जुन्या कॉम्प्युटरले असं होते कधी कधी," म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. शिट्टी मला ऐकू आली नाही. आजकालच्या मुलींना कामाचं वरवरचंच ज्ञान असतं.

१६ जानेवारी, गुरुवार

कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन ऑटोनं सदरला गेलो. निघताना अनुसया फाटकापर्यंत आली. "उद्याच्या आत आनसान ना?" तिनं दोनदा विचारलं. माझं लिखाण अडू नये याची तिला काळजी.

दुरुस्तीवाला पियूष चाळिशीचा, शांत माणूस. त्यानं कॉम्प्युटर चालू केल्याबरोबर आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामांची यादी काढली. असंही काही असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या एका नावावर बोट ठेवून म्हणाला, "हे पाहा काका. ऑनलाइन क्लासचं आहे. तुम्ही कॉम्प्युटर लावला का हे उठते, नेट शोधते. सापडलं नाही का तुम्हाला विचारते. तुम्ही खूण करता, पण पुढच्या क्लासला ते पुन्हा उघडलं का खूण निघून जाते. इथून बंद केलं का झालं. दोन सेकंदाचं काम."

"पण हे टाकलं कोणी?"

"ते मी कसं सांगू? शेवटचं उघडलं दहा तारखेला, शुक्रवारी. अकरा पाच ते बारा वीस."

मी वेळ लिहून घेतली. त्या वेळी मी मंडळात होतो.

"घरी कोण असते काका?"

"फक्त मिसेस."

"मग काकूंना विचारून घ्या ना एकदा."

"तिला माउस धरता येत नाही."

पियूषनं माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. "नुसतं बंद करून ठेवतो. उद्या लागलं तर..."

"लागणार नाही. मुळासकट काढून टाका."

त्यानं काढून टाकलं. काढताना कॉम्प्युटरनं त्यालाही विचारलं, नक्की काढायचं का? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी 'हो' म्हटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

चौकट नाही. मंडळात माझ्या सांगण्यावरून तिघांनी आपापले कॉम्प्युटर तपासायचं ठरवलं.

घरी आलो तर अनुसया पडून होती. डोळे लाल. डोकं दुखते म्हणाली. दुपारी नुसती खिचडी. थंडी बाधली असेल. टसरची साडी घडी घालून दिवाणावर तशीच होती, नेसलेली नव्हती. देवीच्या वारीही नेसली नाही म्हणजे खरोखरच बरं नसणार.

२० जानेवारी, सोमवार

चौकट परत आली आहे.

मुळासकट काढलेली चौकट परत आली आहे. शनिवारी मी संत्री आणायला गेलो तेव्हा काजल खाली येऊन तासभर बसली होती, कोणत्या तरी लोणच्याची कृती घ्यायला. ती इथं बसली असतानासुद्धा चोरानं काम केलं, एवढा तो सराईत.

आता उद्या मी मंडळात जात नाही. दबा धरणार.

२१ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून अनुसयेनं मला घराबाहेर काढायचे सहा प्रयत्न केले. मंडळात वाट पाहत असतील. मधुसूदनची तब्येत बरी नव्हती ना? दाढीचं सामान संपलं. मी हललो नाही. तिला घाबरवायला नको म्हणून कारणही सांगितलं नाही. वायफायच्या डब्याची वायर काढून कपाटात कुलपात ठेवली. दहा वाजता कॉम्प्युटरसमोर खुर्ची घेऊन बसलो, वही मांडीवर.

पावणेअकराला ती टसरची साडी नेसून, चौकड्यांच्या कागदांची सुरळी काखेत घेऊन निघाली. "काजलकडे जाऊन येतो," म्हणाली. कागद कशाला, विचारलं. "तिच्या भाचीले शाळेतून काहीतरी दिलं आहे." दारात थांबली, कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गेली.

११.०५. काही नाही. ११.२०. चौकट आली, मी 'नाही' दाबलं. वर काजलनं टीव्ही मोठ्यानं लावला होता. कोणती तरी बाई हिंदीत कोणाला तरी झापत होती: "हाथ मत रोको, धागा देखो, मेरा मुँह मत देखो!" मध्येच आवाज तुटायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. बाईचा दरारा मोठा होता. आमच्या केंद्रात अशी एक शिफ्ट इनचार्ज असती तर अर्धे दोष झालेच नसते.

१२.३० पर्यंत कोणी आलं नाही. चोर सावध झाला.

अनुसया खाली आली ती थेट स्वयंपाकाला लागली. भाचीचं काम झालं का, विचारलं. "अर्धंच झालं," म्हणाली. "नीट दिसतच नव्हतं त्याईले."

२४ जानेवारी, शुक्रवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

आजही मंडळात गेलो नाही. पावणेअकराला फाटक वाजलं. दोन मुली आणि एक मुलगा, पाठीवर पिशव्या, धुळीनं माखलेले. तिघांनी नमस्कार केला. हातात पत्ता लिहिलेला कागद. घर क्रमांक बरोबर, गल्ली बरोबर.

"अनुसया मैडम यहीं रहती हैं?" एका मुलीनं विचारलं.

"यहाँ कोई मैडम नहीं रहती."

"हम भोपाल से आए हैं, अंकल. मैडम बुनाई सिखाती हैं हमें, ऑनलाइन. मंगल को क्लास बहुत कट रही थी, सोमवार को हमारी परीक्षा है. हमने मैसेज भी डाला था कि आ रहे हैं."

"बेटा, इस घर में इंटरनेट ही नहीं चलता," मी म्हटलं. हे सांगताना मला बरं वाटलं हेही नोंदवून ठेवतो. पुढच्या चौकात कौसल्याबाई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांच्याकडे त्यांना पाठवलं. रस्ता नीट समजावून सांगितला.

अनुसया मागच्या अंगणात धुणं धूत होती. मी तिला गंमत म्हणून सांगायला गेलो. "तीन पोट्टे आले होते भोपाळहून. अनुसया मॅडम पाहिजे होती त्याईले!"

मी हसलो. ती उभी राहिली. हाताला साबण होता.

"कोन्या बाजूनं गेले?"

"काहून?"

"कोन्या बाजूनं गेले म्हून विचारून राहिली ना मी!"

हा आवाज मी मंगळवारी वरच्या मजल्यावरून ऐकला होता. तो टीव्ही नव्हता.

ती अनवाणीच फाटकाबाहेर गेली. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून वाण्याकडेही जात नाही. मी फाटकात उभा राहिलो. दहा मिनिटांनी चौघं परत आली. ती मध्ये, तिचा ओला हात त्या मुलीच्या खांद्यावर. मुलांनी मला पुन्हा नमस्कार केला. मी तो या वेळी घेतला.

त्यांना बैठकीत बसवून ती पाणी आणायला आत आली. मी मागोमाग गेलो.

"तू मॅडम?"

"हाव."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. मंगळवार अन् शुक्रवार. तुमी सदरले जाता तवा."

"मले काहून नाही सांगितलं?"

तिनं पेले ताटात मांडले. "ते भोपाळच्या कॉलेजचे प्राध्यापक आपल्या घरी आले होते, दोन वर्स झाले. करवतीचं काम येनारं जुनं मानूस पाहिजे म्हून. आठवते?"

आठवलं. मी त्यांना सांगितलं होतं की तिला आता काही आठवत नाही, डोळेही गेले, तुम्ही उगाच तिला त्रास देऊ नका. मी तिचा त्रास वाचवला होता.

"मी चाय घेऊन परद्याआड उभी होती," ती म्हणाली. "माह्या तोंडून एक शब्द निघाला नाही, अन् मले काही येत नाही हे ठरलं. जाताना ते चिठ्ठी ठेवून गेले, ते मी डाळीच्या डब्यात ठेवली. मंग काजल राहाले आली. तिनं बाकीचं केलं. भूपेशलेबी माहीत आहे."

मी विचारलं, "म्हणजे ती चौकट..."

"तुमी वायफाय बंद ठेवता म्हून येते ते. चालू ठेवला असता त कधी आलीच नसती."

कारण सापडलं. नोंद केली.

नंतर दुपारभर शिकवणं चाललं. तिनं दिवाण भिंतीपासून ओढायला लावला आणि त्याच्या दोन पायांमध्ये ताणा, म्हणजे उभे धागे, बांधला. माग नाही तर नाही, समजण्यापुरतं होते म्हणाली. मुलाचं नाव मोहित, त्याचा हात चांगला आहे. सुरुची नावाची मुलगी घाई करते. तिच्या बोटांवर अनुसयेनं दोनदा हलकी चापट मारली आणि ती मुलगी हसली. एवढ्या लांबून येऊन कोणी मार खाऊन हसतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला एका बाजूचे धागे धरून बसायला सांगितलं होतं. "ढील देऊ नका," ती म्हणाली. मी दिली नाही. मध्येच एक धागा तुटला. कोणाच्या लक्षात यायच्या आत माझ्या अंगठ्यानं आणि बोटानं गाठ मारली होती. ती गाठ मला कोणी आज शिकवली नाही. आठ वर्षांचा होतो, शाळेतून आल्यावर बाबांच्या मागाखाली बसून तुटलेले धागे जोडत होतो. एका दिवसात साठ-सत्तर. वर्गातल्या मुलांना कळू नये म्हणून बोटांना चिकटलेली खळ खरवडून काढायचो. बाबांना मी एकदा म्हटलं होतं की मोठा झाल्यावर मी या घरात लाइट आणीन आणि हा माग बाहेर फेकीन. दोन्ही केलं.

अनुसयेनं गाठ पाहिली. सुरुचीला म्हणाली, "ऐसे. देखो, अंकल ने जैसे लगाई."

२५ जानेवारी, शनिवार

पान ४ वरचं एक वाक्य काढलं. त्या जागी अजून काही सुचलेलं नाही. पान ३१ उघडलं आणि बंद केलं.

कपाटातली वायर काढून वायफायला लावली. भूपेशला फोन केला. "तुले माहीत होतं," म्हटलं. तो म्हणाला, "बाबा, मी तुम्हाले म्हटलं होतं ना, राहू द्या." माझ्या कंट्रोल रूममध्ये एवढ्या तुटपुंज्या निरोपावर कोणी काम केलं नसतं.

२८ जानेवारी, मंगळवार

मुलांची परीक्षा काल झाली. तिघंही पास. आज त्यांचा पूर्ण वर्ग होता, स्क्रीनवर चौदा चेहरे.

मी मंडळात गेलो नाही. मधुसूदनचा फोन आला, "काय गा, अजून चोर सापडला नाही का?" मी सापडला म्हटलं. कोण होता, विचारलं त्यानं. घरचंच माणूस, म्हटलं. तो हळू आवाजात म्हणाला की पोलिसात जाऊ नको, घरातल्या घरात मिटव. मी बरं म्हटलं. सगळं सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं.

पावणेअकरा वाजता अनुसयेनं स्वतःच कॉम्प्युटर सुरू केला. माउस उजव्या हातात, पेन्सिल डाव्या हातात. मी मागच्या बाजूला, स्क्रीनमध्ये दिसणार नाही अशी खुर्ची लावून वही घेऊन बसलो. तिनं काठाचे चौकडे रंगवून दाखवले. मी उतरवून घेत होतो. सहाव्या ओळीला माझी घरं चुकली, पण विचारणार कसं? सगळे शांत ऐकत होते. मी नुसता खाकरलो.

"मैडम, पीछे कोई है क्या?" स्क्रीनमधून एक मुलगी म्हणाली.

अनुसयेनं मागं वळूनही पाहिलं नाही. "हाँ, नए हैं," ती म्हणाली. "सीख रहे हैं. आगे चलो."

नवीन हे काही बरोबर नाही. या घरात मी तिच्याही आधीपासून आहे. पण वर्ग चालू होता, मध्ये बोलता येत नव्हतं. सहावी ओळ खोडली आणि परत पहिल्या घरापासून मोजायला लागलो.